रनिंग पेअर म्हणून दोन्ही माद्याच गळ्यात मारल्या

मी बेळगावची, वडगावात राहते. हे लिहायला खरं तर लाज वाटूलालीय, कारण 2019 ला तिकडं इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या नात्यातल्या दोघांचे पैसे बुडालेले आणि सगळ्यात जास्त हसलेली मीच, की पक्षी विकणाराच पिल्लं परत घेतो म्हणतोय तर तो स्वतःच का नाही वाढवत. आणि गेल्या दिवाळीनंतर मी तेच केलं, फक्त कोंबडीच्या जागी लव्हबर्ड.

लव्हबर्ड म्हणजे आपल्याकडं सगळे म्हणतात ते, खरं नाव बजरीगर. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, वेगळा आणि महाग. हा ऑस्ट्रेलियाचा, राळं खातो, मडक्यात अंडी घालतो, जास्त त्रास नाही, म्हणून म्हटलं घरबसल्या चार पैसे.

व्हॉट्सअपवर व्हिडिओ आलेला. मडक्यात पाच पिल्लं, अजून पिसं पण नीट फुटलेली नाहीत, मडक्याच्या काठाचा एका बाजूला टवका उडालेला. खाली लिहिलेलं की रनिंग पेअर, म्हणजे आधीच अंडी-पिल्लं देत असलेली नर-मादीची जोडी, पिल्लं आम्हीच परत घेणार, एका पिल्लाचे 250. चार जोड्या, प्रत्येकी पाच पिल्लं, म्हणजे एका खेपेला 5000, हिशोबाला कागद पण लागला नाही मला. जोडी 1500 ची, चार जोड्यांचे 6000 आणि चार खणांचा पिंजरा 2500. पावती मागितली तर म्हणाला वहिनी विश्वासावर चालतं आमचं.

आणि बोलावलं कधी तर संध्याकाळी सातनंतर, दिवसभर कामावर असतो म्हणे. दुकान वगैरे नाही, एक खोली, एक पिवळा बल्ब. त्या उजेडात त्यानं एकेक पक्षी हातात धरून दाखवला, हे नाक निळं, हा नर, हे तपकिरी, ही मादी. मी माना डोलावल्या.

आता जे तेव्हा माहीत नव्हतं ते सांगते. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मऊ भाग असतो त्यावरनं ओळखतात. मोठ्या नराचं नाक गडद निळं, सगळीकडं एकसारखं. अंडी घालायच्या तयारीतल्या मादीचं तपकिरी, खरखरीत. पण जी मादी तयारीत नसते तिचं फिक्कट निळसर असतं आणि भोकांभोवती पांढरी कडी दिसते, नवख्याला तीच नर वाटते. दिवसाउजेडी बघितलं असतं तर ती पांढरी कडी आंधळ्याला पण दिसली असती. पिवळ्याधमक आणि पांढऱ्याशुभ्र पक्ष्यांत तर मोठ्या नराचं नाक पण गुलाबी-जांभळंच राहतं, तिथं आणखी घोळ.

तीन आठवड्यांत पहिल्या खणात अंडी सुरू झाली, घरात पेढे वाटायचेच बाकी होते. बजरीगरची मादी एक दिवसाआड एक अंडं घालते, चार ते सहा घालते, माझ्या मडक्यात एकाच दिवशी दोन आणि करत करत नऊ झाली. मला वाटलं नशीब उघडलं! तिथंच कळायला पाहिजे होतं की दोन दोन माद्या घालूलाल्यात. अठरा दिवसांनी पिल्लू बाहेर येतं, अठरा झाले, बावीस झाले, काही नाही. त्याला फोन केला तर विचारतो, घरात माग आहे काय? आता वडगाव विणकरांचं, तिथं माग नाही तर काय असणार. मग म्हणाला मागाच्या दणक्यानं अंडी खराब होतात, टाकून द्या, परत घालतील, आणि कॅल्शियमची बाटली घेऊन जा 300 ची. मी ह्यांना चक्क चार दिवस दुपारचा माग बंद ठेवायला लावला, त्यावरनं जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

अंडी काढली की मादी परत घालत सुटते, अंगातलं कॅल्शियम सगळं त्यात जातं. तिसऱ्या खेपेला हिरवी मादी पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसली, शेपटी नुसती खालीवर, जोर करूलालेली. अंडं अडकलेलं. सकाळपर्यंत गेली. सासूबाईंनी परसातल्या पेरूखाली पुरली तिला.

मागच्या गल्लीत एक आज्जा आहेत, कन्नड बोलणारे, वर्षानुवर्षं फिंच नावाचे छोटे पक्षी पाळतात. त्यांना बोलावलं. त्यांनी पिंजरा उचलून दारात उन्हात आणला आणि दोन मिनिटांत म्हणाले, "एरडू हेण्ण अदाव री." दोन्ही माद्या. पुढच्या खणात तेच, हिरवी गेली त्या खणात उरलेली पण मादीच. चौथ्या खणातली तर पोरंच, कपाळावरच्या रेघा थेट नाकापर्यंत, डोळे काळेभोर, भोवती पांढरं कडं नाही, म्हणजे तीन-चार महिन्यांची पण नाहीत. मग त्यांनी राहिलेल्या अंड्यांना मोबाईलचा टॉर्च लावून दाखवला. सहा-सात दिवसांच्या भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, माझी सगळी आतून स्वच्छ पिवळी, दिव्यासारखी.

फोन केला तर आधी चढला, मग म्हणाला बदलून देतो, या. गेले तर बजरीगर नाहीतच, चिमणीएवढे गुलाबी-पोपटी कलर बर्ड घ्या म्हणे, इम्पोर्टेड. एकाला मी हातात घेतलं, हाताला घाम होता, तळवा पोपटी झाला. आपल्या रानातल्या मुनिया त्या, रंगात बुडवलेल्या. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्या पकडायला, विकायला, पाळायला बंदी आहे, म्हणजे पैसे माझे जाणार आणि केस पण माझ्यावरच. परत दिली, त्यावरनं भांडण झालं, त्या रात्री त्यानं मला ब्लॉक केलं.

आता सात पक्षी आहेत. मडकी सगळी काढून ठेवल्यात, मडकं नसलं की सहसा अंड्यावर येत नाहीत.

परवा निपाणीहून वहिनीनं एक व्हिडिओ पाठवला, घेऊ काय म्हणून विचारूलालेली. तेच मडकं, तोच टवका, तीच पाच पिल्लं. जोडी आता 1800 ला.