क्यूएमूचं ‘व्हर्ट’ मशीन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी ज्या संगणकावर रोज संध्याकाळी काम करते, तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. क्यूएमू या इम्युलेटरमध्ये (एका संगणकात दुसरा संगणक सॉफ्टवेअरने उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘व्हर्ट’ नावाचं एक मशीन आहे. ती कोणत्याही खऱ्या बोर्डाची नक्कल नाही. ज्याला लिनक्स चालवायचं आहे आणि खाली अमुकच हार्डवेअर हवं असा आग्रह नाही, त्याच्यासाठी केलेला हा सर्वसाधारण संगणक आहे. आर्म या प्रोसेसर-रचनेसाठी एक व्हर्ट आहे, रिस्क-फाइव्ह या वेगळ्या रचनेसाठी दुसरं. माझा अनुभव रिस्क-फाइव्हच्या ६४ बिटी व्हर्टचा आहे.

आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर बेतलेले आहेत. त्यांच्याबद्दल वाचल्यापासून ही रचना तळापासून शिकायची इच्छा होती. हाताशी बोर्ड नव्हता. होता तो ८ जीबी रॅमचा जुना इंटेल लॅपटॉप. इन्स्टॉल करण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, उबुंटूवर एका कमांडचं काम आहे. एवढंच लक्षात ठेवा, की रॅम किती हवी ते सांगितलं नाही तर मशीनला फक्त १२८ एमबी मिळते. डेबियन या लिनक्ससाठी मी २ जीबी देते.

पहिल्या बूटने मात्र तीन संध्याकाळी घेतल्या. ओपनएसबीआयचा, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या फर्मवेअरचा, मोठा बॅनर उमटायचा आणि त्याखाली पूर्ण शांतता. कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, बिघडला असावा असं धरून मी तो दोनदा नव्याने बांधला. खरी चूक वेगळीच होती. कर्नलला द्यायची ओळ मी आर्मवरच्या एका लेखातून उचलली होती आणि तिच्यात आर्मच्या सीरियल पोर्टचं नाव होतं. रिस्क-फाइव्हच्या व्हर्टवर १६५५० जातीचा यूआर्ट (सीरियल पोर्टची चिप) आहे, त्याला लिनक्स ‘टीटीवायएस-शून्य’ म्हणतं. कर्नल व्यवस्थित चालू होता, फक्त नसलेल्या पोर्टवर बोलत होता. ते नाव बदललं आणि ओळींचा धबधबा सुरू झाला.

त्या तीन संध्याकाळींमुळे मी तो बॅनर नीट वाचायला शिकले. त्यात ‘पुढचा पत्ता’ अशी एक नोंद असते आणि तिथे हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या आकड्यांत) ८०२००००० दिसतं. सगळी साखळी त्या आकड्यापाशी उलगडते. मशीन चालू होताच प्रोसेसर हेक्स १००० या पत्त्यावरच्या इवल्याशा रॉममधून सुरू होतो. ती रॉम दोन महत्त्वाच्या गोष्टी हातात ठेवते: ए-शून्य रजिस्टरमध्ये हार्टचा, म्हणजे गाभ्याचा क्रमांक आणि ए-एकमध्ये डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे मशीनमधल्या हार्डवेअरच्या वर्णनाचा पत्ता. मग उडी थेट रॅमच्या सुरुवातीला, ८ पुढे सात शून्ये. तिथे ओपनएसबीआय बसलेलं असतं, सर्वांत वरच्या अधिकाराच्या मशीन मोडमध्ये. ते आपलं काम आटोपून २ एमबी पुढच्या पत्त्यावर, एक पायरी खालच्या सुपरवायझर मोडमध्ये कर्नलकडे सूत्रं देतं. हे पुस्तकात वाचून मला नीट कळलं नव्हतं. बॅनरमधला आकडा आणि माझ्या कर्नलचा पत्ता जुळताना पाहिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या महिन्यात ओपनएसबीआय बंद ठेवून स्वतःचा प्रोग्रॅम थेट रॅमच्या सुरुवातीला ठेवायला लागले. यूआर्टचा पत्ता १ पुढे सात शून्ये. तिथे एक बाइट लिहिला की टर्मिनलवर अक्षर उमटतं. बॉड रेट ठरवायला नको, घड्याळ चालू करायला नको. पहिलं ‘न’ लिहायचं होतं, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणून तीन वेळा लिहिलं आणि ‘न’ आलं. मला झालेला आनंद घरच्यांना समजावून सांगता आला नाही, पण तो खरा होता. मग चार गाभे दिले तर गोंधळ उडाला: बाइट एकमेकांत मिसळले आणि पडद्यावर कचरा आला. फर्मवेअर नसताना सगळे गाभे एकाच वेळी त्याच पत्त्यावरून धावत सुटतात. आपला क्रमांक वाचायचा आणि शून्य नसेल तर झोपून राहायचं, हे प्रत्येकाला आपणच सांगावं लागतं. मशीन बंद करायची सोयही सुटसुटीत आहे: हेक्स १००००० या पत्त्यावर ५५५५ लिहिलं की क्यूएमू थांबतं.

शिकणाऱ्याला याहून मोठी देणगी जीडीबी या डीबगरची (प्रोग्रॅम थांबवून तपासणाऱ्या साधनाची) आहे. दोन पर्याय जोडले की मशीन पहिल्या सूचनेपूर्वीच थबकून उभं राहतं आणि १२३४ पोर्टवर जीडीबीची वाट पाहतं. त्या रॉमपासून एकेक सूचना पुढे सरकत मी ओपनएसबीआयमध्ये शिरले आहे. खऱ्या बोर्डावर यासाठी वेगळा जेटॅग अ‍ॅडॉप्टर लागतो.

डेबियनने १३व्या आवृत्तीपासून रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिलं आहे, त्यामुळे पूर्ण व्यवस्था बसवणं सोपं झालं. इथे माझी एक चूक सांगते, कारण ती बरेच जण करतात. मी कर्नलची फाइल होस्टवरून, म्हणजे लॅपटॉपवरून, थेट देत होते. आत अपग्रेड केलं, डिस्कवर नवा कर्नल आला, जुन्याची मॉड्यूल (कर्नलला लागणारे जोडभाग) काढून टाकली. पण बूट होत होता तो होस्टवरचा जुनाच कर्नल, आणि त्याची मॉड्यूल आता डिस्कवर नव्हती. आता कर्नलच्या जागी यू-बूट हे बूट करून देणारं सॉफ्टवेअर देते. ते डिस्कवरचा योग्य कर्नल स्वतः शोधतं.

वेगाची अपेक्षा मात्र आधीच आवरा. इंटेलच्या लॅपटॉपवर रिस्क-फाइव्हची प्रत्येक सूचना भाषांतर होऊन चालते, सूचना खऱ्या प्रोसेसरवर थेट चालवणाऱ्या केव्हीएमचा उपयोग नाही. टर्मिनलवरचं काम सुसह्य आहे, पण आत बसून कर्नल कंपाइल करायला घेतला तेव्हा रात्र गेली. त्यानंतर सगळं कंपाइल होस्टवरच क्रॉस-कंपायलरने करते. नेटवर्कबाबत एकच सांगते: साध्या यूझर-मोडमध्ये पॅकेज उतरतात तरी बाहेर पिंग सहसा जात नाही. पिंग अडलं म्हणून नेट तुटलं असं समजू नका. क्यूएमूतून बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. ‘स्क्रीन’ हा टर्मिनल प्रोग्रॅम वापरत असाल तर तो कंट्रोल-ए मधेच पकडतो, म्हणून कंट्रोल-ए, ए आणि मग एक्स दाबा.

सहाव्या महिन्यात एका मैत्रिणीने तिचा खरा रिस्क-फाइव्ह बोर्ड वापरायला दिला. व्हर्टबद्दलचं माझं खरं मत तिथे तयार झालं. त्या बोर्डाची रॅम ४ पुढे सात शून्ये या पत्त्यापासून सुरू होते, म्हणून प्रोग्रॅम नव्याने लिंक केला. यूआर्टचा पत्ता योगायोगाने तोच होता. प्रोग्रॅम चढवला, सुरुवातीची काही अक्षरं आली आणि पुढची गळाली. व्हर्टचा यूआर्ट नेहमीच तयार असतो, म्हणून आधीचं अक्षर गेलं का हे विचारायची सवय मला लागलीच नव्हती. मग यूआर्टच्या पाचव्या रजिस्टरमध्ये बघून थांबायचं ठरवलं, तर काहीच येईना. व्हर्टवर रजिस्टरं एकेका बाइटवर असतात, त्या बोर्डावर चार-चार बाइटांवर. पाचवं रजिस्टर पाचव्या बाइटवर नव्हतं, विसाव्यावर होतं.

अशा आणखी गोष्टी आहेत. क्यूएमू कॅशेचं वागणं दाखवत नाही, त्यामुळे सूचना बदलल्यावर द्यायची फेन्स (क्रम पाळायला लावणारी सूचना) विसरली तरी तिथे चालून जातं. इंटेल होस्टवर मेमरीतला क्रम मुळातच कडक असतो, म्हणून दोन गाभ्यांमधली विसरलेली फेन्सही सहसा पकडली जात नाही. व्हर्टवर चाललं म्हणजे तर्क ढोबळमानाने बरोबर आहे, एवढंच. बोर्डावर चालेलच असं नाही. हे लक्षात ठेवून वापरणाऱ्याला मी हे मशीन निःसंकोच सुचवेन, विशेषतः ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना. एमआयटीची एक्सव्ही-६ ही शिकवण्यासाठी केलेली ऑपरेटिंग सिस्टिम याच मशीनवर चालते आणि त्यातले पत्ते वरच्या पत्त्यांशी ताडून पाहता येतात.

त्या यूआर्टने मला ए-एक रजिस्टरकडे परत नेलं. डिव्हाइस ट्रीचा पत्ता पहिल्या दिवसापासून त्यात येत होता आणि मी तो न वाचता सगळे पत्ते प्रोग्रॅममध्ये ठोकून बसवले होते. व्हर्टला ‘डंप-डीटीबी’ सांगितलं की तो सगळा वृक्ष फाइलमध्ये उतरवता येतो: यूआर्ट कुठे, रॅम किती, इंटरप्टचा क्रमांक कोणता. बोर्डाच्या वृक्षात रजिस्टरांमधलं अंतरही स्वच्छ लिहिलेलं होतं. गेले दोन महिने मी प्रोग्रॅम त्या वृक्षावरून स्वतःची माहिती घेईल असा लिहिते आहे. व्हर्टला १ जीबी दिली काय, ४ जीबी दिली काय, तो आता बरोबर ओळखतो. बोर्डावर अक्षरं पूर्ण येतात. टायमरचा इंटरप्ट तिथे अजून येत नाही, या आठवड्यात त्याच्यामागे आहे.