माळ्यावरचे 38 डबे आणि पुण्याचं कमिशनवालं दुकान – साडेतीन स्टार

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही. खाली तक्रार पण आहे आणि दुकानवाला माणूस तसा चांगला आहे, उगाच त्याच्या धंद्यावर कशाला. पण ज्यांच्या माळ्यावर न जोडलेली विमानं-रणगाडे, म्हणजे घरी जोडायच्या प्लास्टिक मॉडेलची किटं, पडलेत आणि जे माझ्यासारखे भुसावळ-जळगाव-धुळ्याकडे राहतात, जिथे या गोष्टीला गिऱ्हाईक शोधून सापडत नाही, त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं की मागच्या मे महिन्यात बायकोने माळा काढला. आता भुसावळचा मे म्हणजे 45 च्या पुढेच, त्यात स्लॅबखालचा माळा, भट्टीच ती. तिथून एकेक डबा खाली येत गेला आणि मोजले तर 38. मला स्वतःला वीस-बावीस असतील असं वाटत होतं. बायको काही बोलली नाही, फक्त हॉलमध्ये रांगेत लावून ठेवले सगळे आणि जाता-येता बघत राहिली, त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं. गणित सोपं आहे, माझ्याकडून वर्षाला दोन किट पूर्ण होतात, ड्युटी शेडला, शिफ्ट बदलत राहते, आणि आता जवळचं दिसायला चष्मा लागतो, 1/72 मधल्या (म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान) पायलटचं डोकं तुरीच्या दाण्याहून बारीक असतं हो. म्हणजे 38 संपवायला 19 वर्षं. सात ठेवायचे, बाकी विकायचे असं ठरलं.

पहिला प्रयत्न आपल्या नेहमीच्या जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर. नाव सांगत नाही, सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. पाच डब्यांचे फोटो टाकले, स्केल लिहिलं, कंपनी लिहिली. मेसेज काय आले, "रिमोट आहे का", "उडतं का", "लास्ट प्राईस". एक जण धुळ्याहून खरंच आला, पोराच्या वाढदिवसाला द्यायचं म्हणे, डबा उघडून बघितला आणि आत स्प्रूवर, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर, लटकलेले शंभर तुकडे बघून माझ्याकडे असं बघितलं की मीच तोडून ठेवलंय. मग एक "आर्मीवाला" आला, पाचही डबे लगेच घेतो, क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं मला माहीत होतं म्हणून वाचलो, नाहीतर रणगाडा राहिला असता आणि खातं गेलं असतं. महिनाभर ॲपवर काढला, विक्री शून्य. मधे भंगारवाला दारात आला होता, अमळनेरकडचा, डबा हातात घेऊन म्हणे "हाई काय शे भो?" मी सांगितलं विमान आहे, जोडायचं असतं. तो म्हणे 12 रुपये किलो. निदान याने भाव तरी स्पष्ट सांगितला.

मग शेडमधल्या एका मित्राच्या भाच्याकडून पुण्याच्या या दुकानाचा नंबर मिळाला. दुकान म्हणजे एका खोलीत रॅक, बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. तुम्ही न जोडलेली किटं पाठवायची, ते तपासतात, फोटो काढून लोकांना पाठवतात, विकलं गेलं की 20 टक्के त्यांचे, बाकी दर महिन्याच्या 10 तारखेला तुम्हाला. आधी एक रुपया घेत नाहीत. रंग, थिनर, ग्लू मात्र घेत नाहीत कारण ते पार्सलमध्ये टाकता येत नाही, पेट घेणारा माल. माझ्या वाळलेल्या इनॅमल रंगाच्या 40 डब्यांचं काय करायचं हा प्रश्न अजून तसाच आहे.

दुकानवाल्या दादांनी पहिल्याच फोनवर विचारलं, स्प्रू मोजलेत का? मी म्हटलं सील आहेत की. म्हणे सील असलेले किती आणि "सीलच आहे" असं वाटणारे किती? तिथेच माणूस जाणकार आहे हे कळलं. त्यांची अट अशी की प्रत्येक डब्याचे स्प्रू बाहेर काढून पेपरवर आडवे ठेवायचे आणि फोटो, काचेचे पार्ट वेगळे, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) दिवसाच्या उजेडात, मार्गदर्शक कागदाचं पहिलं पान, आणि डब्याचे चारही कोपरे. बॉक्सवरचा नंबरही लागतो. तामिया कंपनीचा 35 ने सुरू झाला की 1/35, 61 ने सुरू झाला की 1/48 चं विमान. आणि हे नंबर बघून ते स्केलमेट्स या वेबसाइटवर शोधतात, कोणता साचा कोणत्या साली निघाला, कोणी कोणाचा साचा घेऊन आपल्या डब्यात विकला. मला हे नव्हतं माहीत की माझ्या एका रेव्हेल कंपनीच्या डब्यात आत हासेगावा कंपनीचा साचा आहे. मी तीन वर्षं दोन्ही घेऊन बसलो होतो, एकच विमान, दोन डबे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तीन रात्री पंख्याखाली बसून मोजत होतो, पंखा बंद ठेवून खरं तर, कारण पंख्याने डिकल उडतात. आणि मोजताना एकेक बाहेर यायला लागलं. एका रणगाड्याच्या डब्यात पूर्वी कधीतरी मीच पिशव्या फोडून सगळं एकत्र कोंबलं होतं, त्यातले रबरासारखे ट्रॅक वरच्या बॉडीला टेकून राहिले आणि इतक्या उन्हाळ्यांत त्या मऊ ट्रॅकमधलं तेल प्लास्टिकमध्ये शिरून ते विरघळलं. उचलला ट्रॅक तर खाली त्याच्या दातांची अख्खी नक्षी उमटलेली, जसं गरम पोळीवर चिमट्याचं. ही चूक माझीच, किटची नाही. ट्रॅक आणि टायर कायम वेगळ्या पिशवीत ठेवा भो, खान्देशात तर नक्कीच.

दुसरं ते नॅट. एअरफिक्स कंपनीचं 1/72 फॉलंड नॅट विमान, मी घेतलं होतं सेखोंसाठी. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, 14 डिसेंबर 1971, श्रीनगर, हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र, ते नॅटवर. दादांना फोटो पाठवला तर म्हणे, हे टू-सीटर आहे साहेब, ट्रेनर, इंग्लंडच्या रेड ॲरोज या कसरती टीमवालं, सेखोंचं सिंगल सीटर होतं. डोक्यावर हात मारला. वरून त्याची कॅनोपीच (पायलटच्या डोक्यावरची काच) गायब. मुलीला फोन केला नाशिकला, तिला आठवलं, तिसरीत असताना भातुकलीत बाहुलीचा टब केला होता त्याचा. हसत सुटली. मला वाटलं हा डबा फुकटच जाणार. पण दादांनी "कॅनोपी नाही" असं ठळक लिहून लावला आणि दुसऱ्याच दिवशी 350 ला गेला, घेणाऱ्याला फक्त चाकं आणि पंख हवे होते. म्हणजे अर्धवट किटलाही गिऱ्हाईक असतं, फक्त अर्धवट आहे हे आधी सांगायला लागतं.

पिवळ्या पडलेल्या डिकलचं पण त्यांनीच सांगितलं, झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, उन्हाने पिवळेपणा जातो. मला वाटलं चेष्टा. पण उन्हाची आपल्याकडे काय कमी, ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेवढ्यात पाच दिवसांत सहा शीट पांढऱ्या झाल्या. बॉक्सचं छापील चित्र मात्र उन्हात ठेवू नका, ते उडून जातं.

आता भाव. सेकंड हँडला भाव का मिळतो हे मला आधी कळत नव्हतं, मूळ किमतीच्या वर पण जातात काही. कारण सरळ आहे, 2020 च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम 20 टक्क्यांवरून 60 केली, 2023 मध्ये 70, आणि स्केल मॉडेल कस्टमच्या वहीत खेळण्यांच्याच रकान्यात बसतात. वर 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का लागतो. म्हणजे बाहेरून एखादं किट मागवायचं तर किटएवढाच खर्च वर. म्हणून माझी 2012 ते 2019 मधे जपान-हाँगकाँगवरून दीड-दीड महिना वाट बघून आलेली किटं आता लोकांना स्वस्त वाटतात. माझ्या मनात 29 डब्यांचे 60 हजार होते, दादा म्हणाले 45 ते 48 धरा. (38 मधून सात ठेवले, आणि तो विरघळलेला रणगाडा आणि एक फाटक्या डब्यातली कार शेजारच्या पोराला दिली, म्हणून 29.)

पाठवायचा किस्सा वेगळाच. रावेरकडच्या ओळखीच्या केळीवाल्याकडून एक्स्पोर्टची खोकी आणली, 13 किलोवाली, जाड पुठ्ठा, आणि केळीच्या फण्यांमध्ये घालतात ते पातळ फोमचे कागद पण दिले त्याने पिशवीभर. किट पॅक करायला याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त खोक्याची भोकं आतून टेपने बंद करा. खोकं घेऊन कुरिअरवाल्याकडे गेलो, वजन साडेसहा किलो. त्याने टेप लावून मोजलं, 50 बाय 40 बाय 25, भागिले 5000, म्हणे 10 किलोचे पैसे. हलका माल, मोठा डबा, म्हणजे हवेचे पैसे भरा. तीन खोकी होती, हवेचंच भाडं दहा किलोच्या वर चाललं होतं. उचलली आणि रात्रीच्या पुणे ट्रॅव्हल्समध्ये टाकली, ओळखीच्या माणसाने सकाळी उतरवून घेतली, तीन खोक्यांचे मिळून 600 रुपये. एका खोक्याचा कोपरा दबला, आत दोन डबे चेपले. त्या ट्रॅव्हल्सचं नाव घेत नाही, पण डिकीत माझ्या खोक्यावर कोणीतरी कांद्याची गोणी ठेवली होती हे नक्की, वासावरून दादांनी सांगितलं.

दुकानाची चांगली बाजू आता. पोचल्या दिवशी संध्याकाळपर्यंत 29 ची यादी आली, प्रत्येकासमोर स्प्रूचा आकडा. आणि एक फोन, साहेब, तुमच्या ॲकॅडमी कंपनीच्या डब्यात एक रेझिनचं कॉकपिट आणि फोटोएचची (धातूच्या बारीक पार्टची) पट्टी आहे, किटची नाही, वेगळी घेतलेली असणार, लक्षात आहे का? मला अजिबात लक्षात नव्हतं. गुपचूप ठेवून घेतलं असतं तरी मला सात जन्मांत कळलं नसतं. ते वेगळं विकून 900 माझ्या खात्यात लावले. या एका गोष्टीसाठी मी अजून त्यांच्याशी नीट बोलतो.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 चा निरोप झाला, 1963 पासून उडत होतं ते विमान, आणि त्या आठवड्यात माझी दोन्ही झ्वेझ्दा कंपनीची 1/72 मिग-21 बिस (मिग-21 चाच एक प्रकार) गेली, विचारणा तर अजून पाच जणांची होती म्हणे. तिसरं मी दिलं नाही. आमचे मामा ओझरला एचएएलमध्ये होते, तिथेच बनायची ही विमानं, लहानपणी त्यांच्या कॉलनीत राहायला गेलो की दुपारची झोप मोडायची आवाजाने. ते सातांत आहे.

तक्रार ऐका. एडुआर्ड कंपनीचं 1/48 मिग होतं, ठरलेली किंमत 4,200, मला न विचारता 3,400 ला दिलं. विचारलं तर म्हणे त्याने तीन एकत्र घेतले म्हणून लॉटमध्ये कमी केलं. अरे पण त्या तीनमधली बाकीची दोन माझी नव्हती! लॉट दुसऱ्याचा आणि कापला मला. दोन दिवस मेसेजला निळ्या टिका आणि उत्तर नाही, मग शेवटी कबूल केलं आणि कमिशन त्या एका डब्यावर निम्मं करतो म्हणाले, हिशोबात मात्र पूर्णच लागलंय, आता 340 रुपयांसाठी किती वाद घालणार. दुसरं, 10 तारीख म्हणजे 10 नसते. ऑक्टोबरचे 17 ला आले, नोव्हेंबरचे 22 ला, आणि प्रत्येक वेळी आपणच आठवण करायची. पगार उशिरा झाला तर शेडमध्ये युनियन आहे, इथे कोणाकडे जायचं.

एकूण आकडा असा. चार महिन्यांत 29 पैकी 24 गेले, रेझिनचे 900 धरून विक्री 41,600, त्यांचं 20 टक्के म्हणजे 8,320, माझे झाले 33,280. त्यातले ट्रॅव्हल्सचे 600 गेले. भंगाराच्या भावाने सगळे मिळून 250 रुपये आले नसते, आणि ॲपवर तर शून्यच, त्या हिशोबाने भरपूरच म्हणायचं. उरलेले पाच तिथेच आहेत, तीन कार आणि ते दोन चेपलेले डबे. ते परत मागवावे तर येण्याचं भाडं किमतीएवढं होतं, म्हणून राहू द्या म्हटलं, निम्म्याने लावा.

पाठवायचं असेल तर पाठवा, पण फोनवर ठरलेली किंमत व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि "लॉटमध्ये द्यायचं असेल तर आधी विचारा" हे वाक्य पहिल्याच मेसेजमध्ये टाका. रोज सकाळी फोन करू नका, दादा चिडतात, दुपारी 12 नंतर नीट बोलतात.

आत्तापर्यंत 31,040 आलेत, शेवटच्या दोन डब्यांचे 2,240 बाकी आहेत. येत्या 10 ला नक्की म्हणालेत. 10 ला आले तर अर्धा स्टार वाढवीन.