पाय मुरगळलाय, सोनोग्राफी करू की एमआरआय?

आमच्या दांडिया बाजारात नवरात्रात कोणी ना कोणी लंगडत घरी येतंच, बडोद्याचा गरबा अनवाणी, त्यात मैदानात खडे, आणि गिरकी घेताना पाऊल आत वळलं की झालं. गेल्या वर्षी सहाव्या रात्री माझ्या भाचीचं तसंच झालं आणि एका ठिकाणी पहिल्याच दिवशी एमआरआय सांगितला. तेव्हा जी धावपळ झाली ती तुमची होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी हाड. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंमीमध्ये दाबून दुखतंय किंवा ४ पावलंही टाकता येत नाहीयेत, तर आधी एक्सरे काढा (कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांचे हे नियम १९९२ पासून जगभर वापरतात, त्यात पावलाच्या दोन जागा पण आहेत, त्या डॉक्टर बघतील). पण एक्सरे नॉर्मल म्हणजे हाड ठीक, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) त्यात दिसतच नाही.

आता सोनोग्राफी. बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट जातं, एटीएफएल म्हणतात त्याला, ते कातडीच्या अगदी खाली असतं त्यामुळे स्वच्छ दिसतं. आणि खरा फायदा म्हणजे पाय हलवून बघता येतो. भाचीच्या घोट्यावर जेल लावून डॉक्टरांनी प्रोब ठेवला आणि टाच हळूच पुढे ओढली, तर स्क्रीनवरची पांढरी पट्टी मध्येच तुटलेली आणि काळी फट रुंदावत गेली, मग चांगल्या पायावर तेच केलं तर पट्टी ताणली गेली पण सलग राहिली. आम्हाला कोणी समजवायची गरजच पडली नाही! एमआरआयमध्ये हे होत नाही, तिथे पाय स्थिर ठेवून अर्धा तास पडून राहायचं, खर्चही कितीतरी जास्त.

पण सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. पोटाची रोज करणारा प्रत्येक जण घोट्याची करतोच असं नाही, म्हणून फोनवरच विचारा की लिगामेंटची करता का, आणि दोन्ही पाय बघायला सांगा. शिवाय सांध्याच्या आतली कूर्चा, हाडाला आतून बसलेला मार हे सोनोग्राफीत नीट कळत नाही. दीड-दोन महिने फिजिओ करूनही आत खोल दुखतंय, सांधा अडकतोय, किंवा घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मधे दुखतंय, तर मात्र एमआरआयच, तिथे पैसे वाचवू नका.

घाई पण नको. पहिल्या दिवशी सूज आणि दुखणं इतकं असतं की डॉक्टरांना हात लावून नीट तपासता येत नाही, ४-५ दिवसांनी जास्त कळतं. आणि लिगामेंट पूर्ण तुटलं तरी बहुतेकांना आधी ब्रेस आणि व्यायामच देतात, ऑपरेशन क्वचित. भाचीलाही तेच दिलं, एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा व्यायाम ती अजून रोज करते.