भाचीला दिलेला लॅपटॉप: पोचा, ओरखडे आणि नंतरचे आठ महिने

माझ्याकडे मॅकबुक एअर आहे, एम२ चिपचा, मिडनाइट रंगाचा. २०२२ च्या शेवटी घेतला, दीड वर्ष पै-पै साठवून. गेल्या जूनमध्ये भाचीचा लॅपटॉप ऐन प्रोजेक्टच्या वेळी बंद पडला, म्हणून आठ दिवसांसाठी तिला दिला. आठाचे एकवीस झाले. परत आला तेव्हा संध्याकाळ होती, मी तसाच कपाटात ठेवला. सकाळी खिडकीपाशी उघडायला गेलो आणि काळजात चर्र झालं.

झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला पोचा. पातेलं ओट्यावरून पडलं की काठाला पडतो तसा, आत दबलेला, कडेला रंग उडून चांदीसारखी चकाकणारी रेघ. झाकणावर तीन लांब ओरखडे आणि मधोमध कसलं तरी स्टिकर उपटल्याचा चिकट, मळकट चौकोन.

रागाच्या भरात मी पहिलं काम मात्र बरोबर केलं, ते म्हणजे आतून सगळं ठीक आहे का ते पाहिलं. कोपऱ्यावर आपटलेल्या लॅपटॉपला बाहेरून दिसतं त्यापेक्षा जास्त लागलेलं असू शकतं. आधी स्क्रीन पूर्ण पांढरी, मग पूर्ण काळी करून डाग शोधले. बिजागरी हळूहळू उघडून पाहिली. चार्जिंगचं आणि दोन्ही यूएसबी-सी पोर्ट केबल लावून तपासले. मग लॅपटॉप बंद करून पॉवरचं बटण दाबून धरलं आणि पर्याय दिसल्यावर कमांड-डी दाबलं. स्वतःची तपासणी करून त्याने एडीपी०००, म्हणजे काही दोष सापडला नाही, असा कोड दाखवला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. बंद केल्यावर झाकण त्या कोपऱ्यात केसभर उचललेलं राहतं. आठ महिन्यांत ते तेवढंच आहे, वाढलेलं नाही.

स्टिकरचा गोंद सोपा निघाला. खोबरेल तेलाचं बोट फिरवून अर्धा तास ठेवलं, जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडलं आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड ओलं करून पुसलं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका. ज्यात ॲसिटोन असतं ते प्लास्टिकला आणि स्क्रीनच्या थराला खातं.

ओरखड्यांशी मात्र मी चूक केली, आणि ती सांगायलाच हवी. कुणीतरी म्हणालं टूथपेस्टने जातात. मी सुती कापडावर घेऊन दहा मिनिटं घासलं. ओरखडा होता तिथेच राहिला आणि त्याच्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढा फिकट, गुळगुळीत डाग पडला. आधी तीन रेघा होत्या, आता तिरक्या उजेडात तो डागच आधी दिसतो.

असं का झालं ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कळलं. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि एका छोट्या दुकानातल्या कारागिराला लॅपटॉप दाखवला. त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा रंग वरून मारलेला नाही, आत भिनवलेला आहे. घासाल तेवढा जाईल." त्याचं बरोबर होतं. या रंगवण्याच्या पद्धतीला ॲनोडायझिंग म्हणतात. तीत ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा अगदी पातळ थर चढवतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि तोंडं बंद करतात. थर कडक असतो, पण एकदा फुटला की खाली उघडी चंदेरी धातू. पॉलिश म्हणजे तोच थर आणखी उतरवणं. पोचा ठोकून काढायचं विचारलं तर त्याने सरळ नाही म्हटलं, कारण झाकणाच्या आतल्या बाजूलाच काच आहे. बदलायचं तर झाकण आणि स्क्रीन मिळून एकच भाग येतो, आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी विषय संपवला. माझी वॉरंटी केव्हाच संपली होती. ती असती तरी फरक पडला नसता. ओरखडे आणि पोचे त्यात धरत नाहीत, अटींतच तसं लिहिलेलं असतं.

मग मॅट काळी व्हिनाइल स्किन, म्हणजे वरून चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा घेतला, फक्त झाकणापुरता. खालच्या बाजूला मी मुद्दाम लावली नाही. या लॅपटॉपला पंखा नाही, गरमी अंगातूनच बाहेर जाते, तिथे चिकटपट्टी लावायला मन धजावलं नाही. त्याआधी कडक प्लास्टिकचं कव्हर महिनाभर वापरून पाहिलं होतं. त्यात बारीक कचरा शिरतो आणि आतल्या आत घासत राहतो, शिवाय झाकण जड होतं. ते काढून टाकलं याचं मला समाधान आहे. स्किनने ओरखडे पूर्ण झाकले, टूथपेस्टचा डागही. हेअर ड्रायरच्या कोमट हवेने कडा बसवल्या.

आता भाचीबद्दल. मी नऊ दिवस काही बोललो नाही. ताईकडे गेलो तरी तुटक वागलो, जेवताना मान वर केली नाही. पोरगी हुशार आहे, तिला कळलं होतं. शेवटी तीच घरी आली आणि दारातच म्हणाली, "मामा, दादरच्या जिन्यावर बॅग निसटली माझ्या हातून. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही." ओरखडे कशाने, तर त्याच बॅगेत घराच्या किल्ल्या आणि स्टीलचा डबा. तिचे डोळे भरून आले आणि मला त्या नऊ दिवसांची लाज वाटली. पहिल्याच सकाळी फोन करून "अगं, हे कसं झालं?" एवढं विचारलं असतं, तर तिला ते नऊ दिवस पोटात गोळा घेऊन फिरावं लागलं नसतं. ताई पूर्ण भरपाई द्यायला निघाली होती, ती मी घेतली नाही. पण भाचीने तिच्या इंटर्नशिपच्या पहिल्या पैशांतून स्किनचे साडेसातशे दिले, ते घेतले. नाही म्हटलं असतं तर ते ओझं तिच्याच डोक्यावर राहिलं असतं.

जानेवारीत तिने चार दिवसांसाठी पुन्हा मागितला. दिला. या वेळी देण्याआधी दोघांनी मिळून चारही बाजूंचे फोटो काढले, लॅपटॉपवर तिच्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि जाड स्लीव्हमध्ये घालून दिला. चौथ्या दिवशी तिने स्वतः उजेडात फिरवून दाखवत परत दिला.

आठ महिन्यांनंतर स्किन पोच्याच्या जागी सुटायला लागली आहे. सपाट भागात नखाने उचलली तरी निघत नाही, पण त्या वाकलेल्या कोपऱ्यात पावसाळ्यापासूनच कड वर येते. रोज अंगठ्याने दाबतो, दुपारपर्यंत पुन्हा उचलते. नवीन मागवणार आहे. भाची म्हणते, "मामा, या वेळी काळी नको, गडद हिरवी घे." बहुतेक तीच घेईन.