उद्यमबागेतील ब्रेकचे काम आणि ४० ते २० चे सेकंद

बेळगावच्या उद्यमबागेतील एका छोट्या गॅरेजात गेल्या महिन्यात गाडीच्या ब्रेकचे काम करून घेतले. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजाने ‘ब्रेक साफ केले’ म्हणून बिल लावले होते, पण गाडी मागे ओढल्यासारखी चालणे काही थांबले नव्हते. त्यामुळे या वेळी ‘आता हलकी वाटते’ एवढ्यावर समाधान न मानता मोजमाप करायचे मी ठरवले होते.

सांबऱ्याकडच्या एका सरळ, सपाट रस्त्यावर, पहाटे वारा पडलेला असताना, टायरमध्ये ३३ पीएसआय हवा भरून आणि वीसेक मिनिटे गाडी चालवून टायर गरम झाल्यावर, ५० च्या वेगाला न्यूट्रल करायचे आणि वेग ४० वरून २० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या भावाने मोबाइलच्या जीपीएसवर पाहून टिपायचे, अशी पद्धत ठेवली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून कमी वेगातच टायर, बेअरिंग आणि ब्रेक यांची ओढ नीट कळते. रस्त्याचा न दिसणारा उतार फसवू नये म्हणून जाताना व येताना दोन्हीकडून मोजून सरासरी काढली. इंजिन मात्र बंद करायचे नाही, कारण ब्रेक आणि स्टीअरिंगला मिळणारी मदत त्यावरच असते. आणि चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात हा प्रयोग कोणीही करू नये.

जितके जास्त सेकंद, तितकी ओढ कमी. कामाआधी २७ सेकंद लागत होते. मेस्त्रींनी पुढचे डावे चाक उचलले, ब्रेक दाबून सोडायला लावला आणि चाक हाताने फिरवले, तर ते अर्ध्या फेऱ्यातच थांबले. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकपॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिनेवरचे ग्रीस वाळून तिला गंज चढला होता, त्यामुळे ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. ती पॉलिश पेपरने घासून त्यांनी नवे रबर बसवले आणि ब्रेकचेच ग्रीस लावले. दुपारी देतो म्हटलेली गाडी संध्याकाळी सातला मिळाली, एवढी तक्रार आहे. पण ‘आधी मोजून बघा, पैसे उद्या द्या’ असे म्हणणारे मेस्त्री मला पहिल्यांदाच भेटले.

दुसऱ्या दिवशी ३८ सेकंद आले. आम्हा दोघांसह सुमारे १००० किलोच्या गाडीच्या हिशेबाने मागे खेचणारा जोर २०६ न्यूटनवरून १४६ वर आला, म्हणजे सहा किलो वजनाइतकी ओढ गेली. पैसे देताना हे दोन्ही आकडे मेस्त्रींनी बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिले.