गिअरबॉक्स न खोलताच ‘गेला’ म्हणाले आणि मी गाडी ६२ हजारांना देऊन बसले

हे लिहायला लाज वाटते. पण गप्प बसले तर उद्या दुसऱ्या कुणाची तरी गाडी अशीच जाईल.

गाडी १२ वर्षांची, ऑटोमॅटिक, १ लाख ८ हजार किलोमीटर झालेली. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. गाडी उभी राहणं मला परवडणारं नव्हतं, हे आधीच सांगते, कारण ‘चार ठिकाणी विचारलं का नाहीस’ हे मला सगळ्यांनी ऐकवून झालंय. त्या आठवड्यात चार ठिकाणी फिरायला माझ्याकडे ना वेळ होता ना चालणारी गाडी.

सुरुवात हिसक्यांनी झाली. मग एके दिवशी ती तिसऱ्या गिअरवरच अडकली, वेग ४० च्या वर जाईना. स्पीडोमीटरचा काटा तर त्याआधीपासूनच चालत्या गाडीत मध्येच शून्यावर पडायचा. काट्याचं मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळं उत्तर त्या काट्यातच होतं, हे मला कळलं तेव्हा गाडी माझी राहिली नव्हती.

त्याने स्कॅनर लावला. स्क्रीनवर दोन ओळी होत्या, मला नीट आठवतं. वाचून दाखवली एकच, पी०७००. “ताई, हा गिअरबॉक्सचा कोड. बॉक्स गेला.” पी०७०० चा अर्थ एवढाच असतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटने काहीतरी दोष नोंदवलाय. नेमका कुठला, ते सोबतचा दुसरा कोड सांगतो. तो त्याने बोटाने वर सरकवला. स्क्रीनचा फोटो घ्या, सगळ्या ओळींचा, आणि गॅरेजवाला वाचून दाखवत असतानाच घ्या.

मग ‘खोलून बघावं लागेल’ म्हणून १८,५०० घेतले. तिसऱ्या दिवशी बोलावलं आणि एक स्टीलची ताटली पुढे केली. काळं ऑइल, त्यात चमकणारा लोखंडाचा कीस आणि दात तुटलेली एक चकती. “ही सगळी तुमच्या बॉक्समधली घाण.” ओव्हरहॉलचे, म्हणजे बॉक्स पूर्ण खोलून दुरुस्त करायचे, १,७४,००० सांगितले, वर गॅरंटी नाही. आणि लगेच काळजीच्या सुरात, “बारा वर्षांच्या गाडीवर एवढे पैसे नका घालू ताई. आहे तशी काढून टाका. माझ्या ओळखीचा एक जण आहे.”

गाडी तेव्हा रॅम्पवर होती. भावाला पाठवायला म्हणून मी खालून फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनच्या बोल्टांवर सुकलेला चिखल घट्ट बसलेला, आणि पॅनच्या कडेला गवताचं एक वाळलेलं पातं चिकटलेलं. बॉक्स खोलायचा म्हणजे ऑइल काढायचं, ड्राइव्ह शाफ्ट सोडवायचे, बॉक्स खाली उतरवायचा, पॅन काढायचा. एवढं करून चिखल जागच्या जागी राहील? गवताचं पातं राहील? हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्याचा फोटो काढला, आणि मान वळवून पुन्हा त्या ताटलीकडे बघत बसले. अजून रात्री जाग आली की मी तो फोटो मोठा करून बघते.

ताटलीचंही तसंच. गिअरबॉक्सचं ऑइल बऱ्याच गाड्यांत लाल असतं. क्लच प्लेटा जळल्या की ते काळपट होतं खरं, पण मग करपल्याचा उग्र वास येतो. त्या ऑइलला तसा काहीच वास नव्हता. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, पिठासारखा बारीक थर बसतो, तो जुन्या गाडीत असतोच. त्याला कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

चौथ्या दिवशी मी त्याच्या त्या ओळखीच्या माणसाकडून ६२,००० घेतले आणि सही केली. कागदावर लिहिलं होतं, ‘जशी आहे तशी, गिअरबॉक्स निकामी.’ मी हिशेब न करता विकली नाही. चालू गाडीला साधारण २,८०,००० आले असते. त्यातून १,७४,००० गेले की उरतात १,०६,०००, शिवाय जुन्या गाडीचं दुसरं काही निघणार नाही याची खात्री कुणी द्यायची? हिशेब बरोबरच होता. त्यातला १,७४,००० हा आकडा खोटा होता. दुरुस्ती करायची की विकायची हे त्या एका आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा मला देणाराच गिऱ्हाईकही घेऊन आला होता. दोष सांगणाऱ्याला, त्याच्या माणसाला, त्याने सुचवलेल्या कुणालाही गाडी विकू नका. गाडी टो करून दुसरीकडे न्यायला लागले तर लागू देत पैसे.

अकरा दिवसांनी मामेभावाला तीच गाडी विक्रीला दिसली. किंमत २,८५,०००. त्याने गिऱ्हाईक म्हणून फोन केला. समोरचा म्हणाला, “गिअरबॉक्स एकदम ओके आहे, फक्त आउटपुट स्पीड सेन्सर बदललाय, बिल आहे.” हा सेन्सर म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणारा छोटा भाग. माझ्या गाडीचा काटा त्याच्यावरच चालायचा, म्हणून तो शून्यावर पडायचा. त्याने बिलही पाठवलं. ६,४००. त्यावरची तारीख मी सही केली त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे मी सही करत होते तेव्हा गाडी दुरुस्त होऊन उभी होती.

पोलिसांकडे गेले. दोन तास बाकावर बसवलं आणि मग, “तुम्ही स्वतः सही केलीय ना? हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” बिलाची तारीख दाखवली, ती बघितलीसुद्धा नाही. फोटो दाखवला तर “यात काय दिसतंय?” चिखल दिसतोय साहेब, जो तिथे असायला नको होता! ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात १८,५०० चं पक्कं बिल मागितलं. मला मिळाली होती कोऱ्या कागदावर आकडा लिहिलेली चिठ्ठी, ना शिक्का ना नाव. “मग सेवा घेतल्याचा पुरावा काय?” पुरावा असता तर फसले असते का मी? नोंदणी कार्यालयात तीन खेपा घातल्या. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, तिथून ‘जेवणानंतर या’, आणि शेवटी, नावावर करून घेणं खरेदीदाराचं काम, तुम्ही त्यालाच सांगा. त्याचा फोन बंद आहे, हेही मी सांगितलं. त्यावर खांदे उडवले. फसवणाऱ्याने चार दिवस तरी मला ताई म्हणून खुर्ची दिली, या तिन्ही ठिकाणी तेवढंही कुणी केलं नाही.

बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बदललेला किंवा काढलेला भाग तुमच्यासमोर काढायला लावा, ताटलीतला बघू नका. आणि नावावर झाल्याची पोच हातात येईपर्यंत किल्ली देऊ नका, कारण माझी गाडी अजून माझ्याच नावावर आहे. काल दंडाची नोटीस आली, २,००० ची. ताशी ९६ किलोमीटर वेगाने चालवल्याबद्दल.