सोलापुरातलं कैद्यांच्या हक्कांवरचं दोन दिवसांचं ट्रेनिंग : समाजसेवकांनी जावं का?

सरळ सांगते, जावं. मी विडी कामगार बायकांच्या वस्तीत काम करते, तिथं कुणाचा तरी पोरगा नाहीतर नवरा आत असतोच आणि बाई आधी आमच्याकडं येते, वकिलाकडं नंतर. आपल्याला एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या कोर्सला) असताना समुपदेशन शिकवतात, जामिनाचं कागदपत्र कुणी शिकवत नाही. म्हणून सात रस्त्याजवळच्या हॉलमधलं हे ट्रेनिंग केलं, फी आठशे, चहा-जेवण त्यातच.

पहिली सकाळ संविधानाच्या भाषणात गेली, जरा लांबलंच ते. दुपारचं सेशन मात्र एक नंबर. वकील मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एका जामीन ऑर्डरची झेरॉक्स दिली, नावं खोडलेली, आणि विचारलं की हा माणूस आज घरी जाईल का. ऑर्डरमध्ये लिहिलेलं, २५,००० रुपयांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आता भाड्याच्या खोलीत राहणारा, नावावर ना घर ना सातबारा, नातेवाईकही तसेच, त्याला जामीनदार आणायचा कुठून? जामीन होऊनही माणूस आतच राहतो तो असा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये यावर आदेश दिलेत, जामीन झाल्यावर ७ दिवसांत बंदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. शिवाय केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या (म्हणजे ज्याचा खटला अजून चालूच आहे त्याच्या) जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत रक्कम मिळू शकते. वस्तीत हे कुणालाच माहीत नसतं हो, लोक सावकाराकडं जातात.

मग तारखांचा हिशोब करायला लावला आणि मला तो सगळ्यात जास्त उपयोगी वाटला. फौजदारी प्रक्रियेच्या नवीन कायद्यात, म्हणजे बीएनएसएसच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बाँडवर सोडायचं, बाकीच्यांना निम्मा काळ, आणि अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांची. घरातल्या चोरीला कमाल ७ वर्षं, म्हणजे २ वर्षं ४ महिने. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी मिळत नाही, ही मेख नीट लक्षात ठेवा.

कारण सोलापुरात ही मेख कुणाला बसते हे सांगायची गरज नाही. आपल्याकडं सेटलमेंट आहे, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवायची वसाहत, तो गुन्हेगार जमाती कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला रद्द झाला तरी संशय काही गेला नाही, एकदा नाव आलं की पुढच्या केसमध्येही तेच नाव. मॅडमनी जेलमधल्या जातिभेदावरचा सुप्रीम कोर्टाचा, सुकन्या शांता केसचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल इथंच जोडून सांगितला, जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा, जातीवरून कामं वाटू नका, विमुक्तांना (त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना) सवयीचे गुन्हेगार धरू नका. शेजारी विमुक्त समाजात काम करणारे एक काका बसलेले, त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि चहाच्या सुट्टीतही मॅडमना सोडलं नाही. मला तर वाटतं निम्मा दिवस यालाच द्यायला हवा होता.

आता तक्रारी. सगळ्या नोट्स इंग्रजीत. अहो आमच्या बायका घरी तेलुगू बोलतात, मराठी कशीबशी वाचतात, त्यांना मी हे दाखवू काय? अर्जाचे मराठी नमुने द्यायलाच पाहिजेत. दुसरं म्हणजे फर्लो आणि पॅरोल (शिक्षा भोगताना मिळणारी सुट्टी) शेवटच्या वीस मिनिटांत गुंडाळलं, आणि शिक्षा लागून माणूस येरवड्याला गेला की इथल्या बाईची त्याला जेलमध्ये भेटायला जाताना मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, त्यावर एक शब्द नाही. आईसोबत ६ वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं एवढं सांगितलं, पण त्यापेक्षा मोठी मुलं बाहेर कुणाकडं ठेवायची, शाळेचं काय, बालकल्याण समितीकडं कधी जायचं, हा तर आपल्या रोजच्या कामातला प्रश्न आहे आणि तो पूर्णपणे राहून गेला.

तरी पैसे वसूल. एक गोष्ट तर आजपासूनच करता येईल, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२, हेल्पलाइन १५१००, हे वस्तीतल्या बोर्डावर लिहून टाका. पुढच्या बॅचला जाणार असाल तर पैसे भरण्याआधी मराठी नोट्स आहेत का ते विचारा, जास्त जणांनी विचारलं तर ते छापतील.